केनवडपर्यंत कोणती बातमी पोचली?

१९५७च्या निवडणुकीचा निकाल नीट पाहिला तर एक गोष्ट खटकते. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. विदर्भात मात्र काँग्रेस टिकली, आणि गुजरात, मराठवाडा, विदर्भाच्या जोरावर यशवंतराव चव्हाणांचं सरकार तरलं. मतदार मराठीच होते. मग मत वेगळं का पडलं?

आपल्या रिसोड तालुक्यातलं केनवड तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं (वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ला). १९५१च्या जनगणनेत देशाची साक्षरता होती १८.३३ टक्के. म्हणजे खेड्यात पेपर वाचणारे थोडे आणि ऐकणारे जास्त. जो वाचून दाखवतो, तोच कुठली बातमी आधी वाचायची हे ठरवतो. आपल्या फीडचं काम तेव्हा माणूस करायचा, एवढाच फरक.

मुंबईत १५ नोव्हेंबर १९५६ला अत्र्यांचा 'मराठा' सुरू झाला. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर गिरणगावात गात होते. वाचता न येणाऱ्या कामगारापर्यंत चळवळ डफावरून पोचत होती. त्यात मोरारजींच्या काळातला गोळीबार. तो मुंबईकरांनी पेपरात वाचला नव्हता, आपल्याच रस्त्यावर पाहिला होता.

वऱ्हाडात चित्रच निराळं. इथले वजनदार नेते ब्रिजलाल बियाणी स्वतः काँग्रेसचे, मध्य प्रदेश सरकारात मंत्री राहिलेले, अकोल्याच्या 'मातृभूमी'चे संस्थापक आणि वेगळ्या विदर्भाचे कट्टर पुरस्कर्ते. पक्ष, सरकार आणि छापखाना, तिन्हीकडे तोच माणूस! माझ्या मते वऱ्हाडचं राजकारण समजायला ही एक गोष्ट बरंच काही सांगते. बापूजी अणेही वेगळ्या विदर्भाच्याच बाजूचे. १९५५मध्ये फाजल अली आयोगानेही वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. म्हणजे इथला प्रश्न 'मुंबई कोणाची' हा नव्हताच. प्रश्न होता, कापसाच्या मुलखाचा पैसा कुठे खर्च होणार?

रेडिओ सरकारचा, त्यामुळे सरकारला अडचणीत आणणारा सूर त्यावर येणार नव्हता.

पण वऱ्हाडी माणूस भोळा होता, त्याला जे ऐकवलं ते त्याने मानलं, असं म्हणणं मला पटत नाही. १९४७चा अकोला करार आणि २८ सप्टेंबर १९५३चा नागपूर करार, दोन्हींत विदर्भाची हीच भीती कागदावर आली होती. नोकऱ्या, निधी, नागपुरात अधिवेशन अशी आश्वासनं नागपूर करारात दिली गेली. म्हणजे शंका आधीच होती, पेपरांनी तिला शब्द दिले. मुंबईच्या पेपरांनी तिची फारशी दखल घेतली नाही, आणि तिकडे कितीही मोठा मोर्चा निघाला तरी तो केनवडच्या पारावर दुसऱ्यांच्या गावची बातमी म्हणूनच पोचला असणार.

१ मे १९६०ला महाराष्ट्र झाला, विदर्भासकट. त्याच वर्षी नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं. आजही भरतं, आणि अनुशेषावरची चर्चाही अजून चालूच आहे.