कुंपणातील नगर आणि नागरिक

घरचा नळ गळू लागला की आपण प्लंबरला बोलावतो. गावचा नळ आटला की नगरसेवकाचे दार ठोठावतो. पण ज्या गावात घरे, रस्ते, दुकाने, शाळा आणि पाण्याची टाकी या साऱ्यांचे मालक एकटे सरकारच असते, तेथे गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे? आणि असे सरकार उत्तम मालक निघाले, तर तेथे राहणाऱ्याला नागरिक म्हणावे की भाडेकरू? या प्रश्नांचा विचार करताना आमच्या दृष्टीसमोर अमेरिकेतील लॉस अलामोस हे नगर उभे राहते. अणुबॉम्बचे जन्मस्थान म्हणून ते जगाला ठाऊक आहे. त्याच्या नळांचा, भट्ट्यांचा व मतपेट्यांचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

न्यू मेक्सिको राज्यातील सुमारे ७,३०० फूट उंचीच्या एका पठारावर मुलांची निवासी शाळा होती. सभोवती स्पॅनिश भाषक शेतकऱ्यांची शेते होती आणि खाली खोऱ्यात सान इल्देफोन्सोसारखी आदिवासींची प्राचीन गावे होती. १९४२-४३ मध्ये युद्धकार्यासाठी सैन्याने हे पठार ताब्यात घेतले. शाळा बंद झाली. शेतकऱ्यांना जमिनी सोडाव्या लागल्या. त्यांच्या हाती पडलेला मोबदला तुटपुंजा होता.

मग कुंपण उभे राहिले. शास्त्रज्ञ सहकुटुंब आले. परंतु बाहेरच्या जगासाठी सर्वांचा पत्ता एकच होता : पेटी क्रमांक १६६३, सांता फे. तेथे जन्मलेल्या बालकांच्या जन्मदाखल्यावरही जन्मस्थान म्हणून ही टपालपेटीच नोंदवली गेली! घरे सैन्याची, भाडे पगाराच्या प्रमाणात. न्हाणीघरात टब होते ते केवळ जुन्या शाळेच्या शिक्षकांच्या घरांत. म्हणून त्या घरांच्या ओळीला लोकांनी ‘बाथटब रो’ असे नाव दिले. समान दर्जाच्या गप्पा मारणाऱ्या वसाहतीतही मानाची आळी निर्माण होतेच, हे आपण आपल्याकडेही पाहतो.

या नगराची एक सल्लागार समिती होती. घरे, दुकान, शाळा, वाहतूक यांविषयीच्या तक्रारी तिच्यापुढे येत. समिती ठराव करी, निर्णय मात्र सैन्याचा. १९४५-४६ च्या हिवाळ्यात जलवाहिनी गोठली आणि रिओ ग्रांदे नदीचे पाणी टँकरने डोंगरावर चढवावे लागले. टँकरची वाट पाहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. अणूचे हृदय भेदणाऱ्या विद्वानांच्या घरीही हंडा रिकामाच होता.

१९४६ मध्ये डागडुजीचे काम झिया नावाच्या कंपनीकडे सोपवण्यात आले. पुढील वर्षापासून नगराची मालकी सैन्याकडून अणुऊर्जा आयोगाकडे गेली. झिया मात्र तशीच राहिली, ती थेट १९८६ पर्यंत. नळ बिघडला, भिंतीचा रंग उडाला, रस्ता खचला, की झियाला कळवावे आणि निश्चिंत व्हावे. हे काम करणाऱ्या हातांपैकी पुष्कळ हात खालच्या खोऱ्यातले होते. तेथील बायामाणसे सकाळी बसने वर येत, भट्ट्या पेटवीत, घरे झाडीत आणि सायंकाळी परत उतरत. नगर ज्यांच्या श्रमांवर उभे होते, त्यांना त्या नगरात घर नव्हते.

आणि ज्यांना घर होते, त्यांना मत होते काय? १९४८ साली न्यू मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या जमिनीवर केवळ केंद्र सरकारचाच अधिकार चालतो, तेथील रहिवाशांना राज्याचे मतदार मानता येणार नाही. जगाचे भवितव्य बदलणाऱ्या माणसांना आपल्या राज्याचा साधा अधिकारीही निवडता येईना! १९४९ मध्ये अमेरिकन संसदेने हा अधिकार राज्याला परत केला, त्याच वर्षी लॉस अलामोस हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मताचा प्रश्न सुटला. घरे व पाणी मात्र आयोगाकडेच राहिले. कुंपणाचे फाटक सर्वांसाठी उघडले ते १९५७ साली.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. स्वातंत्र्य देऊ केले की माणसे धावत येतात, असे आपण समजतो. टेनेसी राज्यातील ओक रिज या दुसऱ्या अणुनगराच्या रहिवाशांनी १९५३ मध्ये स्वतःची नगरपालिका स्थापण्यास चक्क नकार दिला. कर कोण भरणार? जुनी घरे कोण दुरुस्त करणार? ही भीती खोटी नव्हती. १९५५ मध्ये घरे विकण्याचा व नगर रहिवाशांच्या हाती देण्याचा मार्ग कायद्याने ठरवून दिला. संक्रमणकाळासाठी सरकारी साहाय्याचीही तरतूद झाली. तेव्हा कोठे १९५९ मध्ये त्याच ओक रिजने प्रचंड बहुमताने होकार दिला. लॉस अलामोसला हा कायदा १९६२ मध्ये लागू झाला. भाडेकरू घरमालक झाले, आणि १९६८ मध्ये लोकांनी आपली सनद मंजूर केली. आज सात निर्वाचित सदस्यांची परिषद तेथील कारभार पाहते. वीज, पाणी व गॅस ही खाती जिल्हाच चालवतो.

पठारावरून उठवलेल्या शेतकऱ्यांच्या वारसांना न्याय मिळायला मात्र २००४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने त्यांच्यासाठी एक कोटी डॉलरचा निधी मंजूर केला. तोवर मूळ धन्यांपैकी बहुतेक मातीआड गेले होते.

वाचकहो, दुरुस्त झालेला नळ आपल्याकडून काहीच मागत नाही, म्हणूनच तो इतका सुखद वाटतो. मत मात्र मागते : वेळ, पैसा आणि शेजाऱ्याशी बोलण्याची तयारी. आमच्या मते लॉस अलामोसचे रहिवासी खऱ्या अर्थाने नागरिक झाले ते फाटक उघडले त्या दिवशी नव्हे, तर गळक्या नळाचा खर्च त्यांनी आपला मानला त्या दिवशी. मात्र तो हिशेब मांडताना, ज्यांच्या शेतावर तो नळ बसवला त्यांचे नाव सर्वांत वर लिहायला हवे होते. ते साठ वर्षे लिहायचे राहिले.