मेथडिस्ट मंडळी, वसाहतकालीन अमेरिकेतील : जीवन व दप्तर

जॉन वेस्ली (१७०३–९१) याने इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चच्या अंतर्गत सुरू केलेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या चळवळीची अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत रुजलेली शाखा. तिचा आरंभ धर्मपीठाच्या आदेशाने झाला नाही. तो आयर्लंडहून आलेल्या सामान्य स्थलांतरितांनी केला. मेरिलंडमध्ये रॉबर्ट स्ट्रॉब्रिज याने, तर न्यूयॉर्कमध्ये बार्बरा हेक हिच्या आग्रहावरून फिलिप एम्बरी याने १७६६ मध्ये घरगुती प्रवचनास प्रारंभ केला. न्यूयॉर्कच्या जॉन स्ट्रीटवर १७६८ मध्ये प्रार्थनामंदिर उभे राहिले. पुढे वेस्लीने इंग्लंडहून प्रवचनकार धाडले. त्यांपैकी १७७१ मध्ये आलेला फ्रान्सिस ॲझ्बरी (१७४५–१८१६) हा सर्वांत प्रभावी ठरला.

मंडळीजीवनाचा पाया ‘वर्ग’ हा होता. सुमारे बारा सभासदांचा हा गट आठवड्यातून एकदा जमे व वर्गनायक प्रत्येकाच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करी. ही पद्धत १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्यास एक पेनी गोळा करण्याच्या योजनेतून निघाली होती; त्यामुळे आत्मपरीक्षण व हिशेब ह्यांची सांगड प्रारंभापासूनच पडली. नायकाच्या वहीत नावे, उपस्थिती व वर्गणी ह्यांची नोंद होई. ज्याचे आचरण समाधानकारक असे, त्याला दर तिमाहीस तिकीट मिळे आणि ते दाखवूनच प्रीतिभोजनास प्रवेश मिळे.

वर्गाच्या वह्या, कारभाऱ्यांचे जमाखर्च आणि प्रवचनकारांच्या वार्षिक परिषदेचे वृत्तांत हे ह्या दप्तराचे तीन मुख्य घटक होत. वृत्तांत प्रश्नोत्तररूप असत. फिलाडेल्फिया येथे १७७३ मध्ये भरलेल्या पहिल्या परिषदेने सभासदसंख्या १,१६० नोंदविली : न्यूयॉर्क १८०, फिलाडेल्फिया १८०, न्यू जर्सी २००, मेरिलंड ५०० व व्हर्जिनिया १००. ही संख्या वर्गांतील सभासदांची आहे. प्रवचनास येणारे इतर श्रोते तीत धरलेले नाहीत.

ह्या दप्तरात एक मोठी उणीव आढळते. प्रवचनकार दीक्षित पाळक नसल्यामुळे बाप्तिस्मा व प्रभुभोजन ह्यांसाठी सभासदांनी अँग्लिकन चर्चमध्ये जावे, असा नियम होता. स्ट्रॉब्रिजने तो मानला नाही. तथापि १७८४ पूर्वीच्या मेथडिस्ट कुटुंबातील बाप्तिस्म्याची नोंद बहुधा अँग्लिकन पॅरिशच्या वहीतच शोधावी लागते. त्या वर्षाच्या अखेरीस बॉल्टिमोर येथील नाताळ परिषदेत स्वतंत्र मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले व प्रवचनकारांना दीक्षा मिळू लागली. त्यानंतरही नोंदी तुटकच राहिल्या. कारण प्रवचनकार घोड्यावरून विस्तीर्ण मंडले फिरत, त्यांच्या नेमणुका वारंवार बदलत व पुष्कळ टिपणे त्यांच्याबरोबरच निघून जात.

गुलामांच्या संदर्भात ह्या दप्तराच्या साक्षीचे मोल व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. वार्षिक वृत्तांतांत १७८६ पासून गोऱ्या व कृष्णवर्णीय सभासदांची संख्या वेगळी दिली जाऊ लागली. १७९० मध्ये एकूण ५७,६३१ सभासदांपैकी ११,६८२ कृष्णवर्णीय होते, म्हणजे पाचांत एक. परंतु आकड्यांच्या ह्या स्तंभात एकही नाव नाही. याउलट, जॉन स्ट्रीट मंडळीच्या विश्वस्तांनी आपला सेवक पीटर विल्यम्स ह्याला १७८३ मध्ये ४० पौंडांस विकत घेतले आणि त्याने ती रक्कम हप्त्यांनी फेडून स्वातंत्र्य मिळविले, ही हकीकत मंडळीच्या हिशेबामुळे ज्ञात झाली. ज्या वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली, त्याच्याच अनुयायांच्या जमाखर्चात माणसाची किंमत मांडली गेली, हा विरोध लक्षणीय आहे.

मंडळीने काय उपदेशिले हे प्रवचनांवरून कळते. ती प्रत्यक्षात कशी वागली हे बव्हंशी ह्या साध्या वह्यांवरूनच समजते. अमेरिकेच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे महत्त्व ह्यातच आहे.