लडाख : आटणाऱ्या हिमनद्या आणि पाण्याच्या वाटणीचा प्रश्न

लडाख हा हिमालयाच्या पलीकडचा, पर्जन्यछायेतला शीत वाळवंटी प्रदेश. लेह शहर सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला साधारण 100 मिलिमीटरच पाऊस पडतो. त्यामुळे शेती आणि पिण्याचे पाणी, दोन्ही बर्फ व हिमनद्यांच्या वितळण्यावर अवलंबून आहेत.

हिमनद्यांचे काय होत आहे?

काठमांडूच्या 'आयसीमोड' संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार, हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा बर्फ 2011 ते 2020 या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा 65 टक्के अधिक वेगाने घटला. लडाखच्या अनेक गावांवरच्या हिमनद्या लहान आणि खूप उंचावर आहेत. जवाची पेरणी एप्रिल-मेमध्ये होते, पण हिमनदीचे भरपूर पाणी जूनमध्ये येते. हिवाळ्यात बर्फ कमी पडला की नेमकी पेरणी अडते. झंस्कारमधील कुमिक गावच्या कुटुंबांना तर पाणी आटल्याने खाली नव्या जागी वस्ती हलवावी लागली.

जुनी व्यवस्था

गावात 'चुरपोन' म्हणजे पाणी वाटणारा माणूस नेमला जातो. कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचे, हे तो पाहतो. रात्रीचे पाणी 'झिंग' नावाच्या लहान तळ्यात साठवतात. घरोघरी कोरडे शौचालय असते. त्यात पाणी लागत नाही आणि शेतीला खत मिळते.

पर्यटनाचा भार

1974 मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुला झाला. 2011 च्या जनगणनेत संपूर्ण लडाखची लोकसंख्या 2 लाख 74 हजार होती. 2022 या एका वर्षात पर्यटक आले पाच लाखांहून अधिक. हॉटेलांत फ्लश शौचालये आणि शॉवर आले, त्यासाठी बोअरवेल खोदल्या गेल्या. सांडपाण्याच्या शोषखड्ड्यांमुळे भूजल दूषित होण्याचा धोकाही वाढला. पर्यटनातून रोजगार मिळतो, हे खरे. पण बोअरवेलच्या पाण्याला चुरपोन नसतो. ज्याच्याकडे पैसा, तो खोल खोदतो.

उपाय आणि मर्यादा

अभियंता चेवांग नॉर्फेल यांनी 1987 पासून गावाजवळ कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. त्यांना 2015 मध्ये पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी 2013-14 च्या हिवाळ्यात 'हिमस्तूप' उभारला. उंचावरच्या ओढ्याचे पाणी पाइपने खाली आणून कडाक्याच्या थंडीत कारंज्यासारखे उडवतात. ते गोठून स्तूपासारखा शंकू होतो. या आकारामुळे बर्फाच्या मानाने उन्हाला कमी पृष्ठभाग मिळतो, बर्फ हळू वितळतो आणि वसंतात शेताला पाणी मिळते.

मात्र हिमस्तूप नवे पाणी निर्माण करत नाही. हिवाळ्यात वाहून जाणारे पाणी तो फक्त पेरणीपर्यंत राखून ठेवतो. त्या पाण्याची वाटणी कशी होणार, हा प्रश्न उरतोच.

निर्णय कोणाचा?

2019 मध्ये लडाख विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश झाला. इथले बहुसंख्य लोक अनुसूचित जमातींचे आहेत. जमीन आणि संसाधनांवर स्थानिकांचा अधिकार राहावा म्हणून बौद्ध व मुस्लिम संघटना एकत्र येऊन संविधानाच्या सहाव्या अनुसूचीची मागणी करत आहेत. पाण्याकडे केवळ हवामानाचा विषय म्हणून पाहिले, तर हा हक्काचा भाग नजरेआड होतो.

महाराष्ट्रातूनही दरवर्षी अनेक जण लेहला, तिथल्या विहारांना भेट देतात. जाणाऱ्यांनी कोरडे शौचालय असलेल्या घरगुती निवासात राहावे, पाणी जपून वापरावे. आणि परतल्यावर फोटोंसोबत तिथल्या लोकांची मागणीही इथे पोहोचवावी.