पुणे ते दिल्ली विमानाने किती वेळ लागतो?

पुणे ते दिल्ली सरळ रेषेत हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. रस्त्याने ते १,४०० किलोमीटरच्या पुढे जाते. थेट विमानाला साधारण दोन ते सव्वादोन तास लागतात.

प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडते. त्या हिशेबाने दीड तास पुरायला हवा. मग उरलेला वेळ जातो कुठे? तिकिटावरचा वेळ विमान पुण्यात जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरताना वेग कमी करणे, कधी दिल्लीवर घिरट्या घालणे, सगळे त्यातच आले. शिवाय लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, त्यामुळे धावपट्टी लढाऊ विमानांबरोबर वाटून घ्यावी लागते.

दिल्लीहून लगेच पुढची रेल्वे किंवा परदेशी विमान गाठायचे असेल, तर डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या विमानाच्या वेळेवर विसंबू नये; धुक्यामुळे उड्डाणे तासन्‌तास लांबतात. पुण्यातही चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. कोथरूडहून संध्याकाळी निघणाऱ्याने लोहगावपर्यंतच्या वाहतूककोंडीचा वेळ वेगळा धरावा.