‘आर्किआतेर’ ते ‘आर्त्स’ : एका बिरुदाची पदच्युती

डच भाषेत ‘आर्त्स’ म्हणजे कोणताही पात्रताधारक वैद्य. शब्दाचे मूळ मात्र राजदरबारी आहे. ‘आर्खिआत्रोस’, म्हणजे वैद्यांतील प्रमुख, हे ग्रीक राजवैद्यांचे बिरुद होते. लॅटिनने ते ‘आर्किआतेर’ या रूपात स्वीकारले. सम्राट नीरोचा वैद्य आंद्रोमाखुस हे बिरुद धारण करी. मध्ययुगीन डचमध्ये त्याचे ‘आर्सात्रे’ झाले आणि ‘प्रमुख’ हा अर्थ गळून पडला. भाषाशास्त्र यास अर्थविस्तार म्हणेल; मला ती पदच्युती वाटते. ‘खेनेसहेर’, म्हणजे बरे करणारा गृहस्थ, असा देशी प्रतिशब्द हाताशी असूनही हा उसना शब्द टिकला. नेदरलँड्समध्ये विद्यापीठीय वैद्य, शहरी शल्यवैद्य, ग्रामीण शल्यवैद्य अशी उतरंड होती. १८६५च्या कायद्याने ती मोडली आणि पुढील सर्व वैद्यांस एकच पदवी ठरवून दिली : ‘आर्त्स’.