९४६० नंबरची नीब

कोलकात्याला फोर्ट विल्यममध्ये पोस्टिंग असताना रविवारी आऊट पास मिळाला की मी धर्मतल्ल्याला जुनी पेनं बघत हिंडायचो. तिथे एक राखाडी एस्टरब्रूक हाती लागलं. विकणारा म्हणाला, "निब बहुत टाइट है दादा, घिस के नरम कर दूँ?" मी आधी भिंग काढून नंबर वाचला आणि त्याला नको म्हटलं.

एस्टरब्रूक ही अमेरिकेतल्या कॅम्डेनची कंपनी, १८५८ सालची. मूळ धंदा टाकाच्या पोलादी निबांचा. पुढे फाउंटन पेनात त्यांनी मोठी सोय केली: नीब आणि तिच्याखालची फीड एकत्रच आट्यांवर फिरवून काढता येते. पेन तेच, नीब कामाप्रमाणे.

म्हणून प्रत्येक निबेवर चार आकडी नंबर. पहिला आकडा १ किंवा २ असेल तर नीब साधी पोलादी, टोक त्याच पत्र्याचं वळवलेलं. ९ असेल तर टोकाला कठीण धातूचा बारीक मणी जोडलेला असतो. पुढचे आकडे घडण सांगतात. २६६८ आणि ९६६८ दोन्ही मध्यम, रोजच्या लिखाणाच्या. ९१२८ अतिबारीक, लवचीक. ९५५५ ग्रेग शॉर्टहँडची. २३१४ तिरक्या टोकाची, तिचं नाव 'रिलीफ' (आपल्याला रिलीफ म्हटलं की पहारा बदलायला येणारा जवानच आठवतो!).

माझी निघाली ९४६०. मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बन कॉपीची. साध्या निबेवर जोर दिला की तिचे दोन्ही पाय फाकतात, शाई पसरते आणि खालच्या कागदावर काहीच उमटत नाही. मॅनिफोल्ड मुद्दाम ताठ ठेवलेली. हाताचा जोर थेट कार्बनवर उतरतो. पेनच्या बाजारात मात्र लवचीक निबेला भाव, त्यामुळे ताठ नीब बिघडलेली समजून घासली जाते. घासली की ती कशासाठी होती हे कायमचं पुसलं जातं.

ज्यांनी युनिटच्या ऑफिसात दिवस काढले त्यांना तिसऱ्या प्रतीची किंमत वेगळी सांगायला नको. पार्ट टू ऑर्डरमध्ये लग्नाची नोंद नीट उमटली नाही, तर पुढे वीरपत्नीला फॅमिली पेन्शनसाठी किती हेलपाटे पडतात!

घरात असं पेन असेल तर नीब अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून बघा. पाय फाकले तर लवचीक, नाही तर ताठ; पण नंबर वाचल्याशिवाय जोर लावू नका. वाळलेल्या शाईने नंबर झाकला असेल तर ओलं फडकं पुरे, पॉलिश नको. आटे घट्ट बसले असतील तर साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, गरम पाण्यात नाही.

दुसऱ्या महायुद्धात कोलकात्यात अमेरिकन फौज होती, त्यामुळे हे पेन एखाद्या अमेरिकन क्लार्कचं असावं असं मनात येतंच. पण फिरवून बदलता येणारी नीब मालकाचा पत्ता सांगत नाही. तिच्याकडून एवढंच कळतं, की तिने कुणाच्या तरी हातात दोन-तीन प्रती काढल्या असणार.