करवीरच्या निराळ्या शाळा

शाळा बंद पडली म्हणजे गावास हळहळ वाटते. परंतु करवीर संस्थानात काही शाळा बंद झाल्या, तो सुदिनच म्हटला पाहिजे. अस्पृश्य मानिलेल्या मुलांसाठी तेथे निराळ्या शाळा होत्या. इ. स. १९१७ मध्ये श्रीशाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठरविला. पुढे १९१९ साली त्या निराळ्या शाळाच बंद करून तेथील मुलांस सर्वसाधारण सरकारी शाळांत घेण्याची आज्ञा झाली. यास्तव जुन्या शाळेचा इतिहास वाचताना पटसंख्या किती, एवढेच न पाहता, त्या पटावर कोणाकोणाची नावे शेजारी शेजारी लिहिली गेली, हेही वाचकांनी अवश्य पाहावे.